गर्भाशयातली गस्त

घोडी गाभण आहे की नाही, हे किती दिवसांनी कळतं?

गाईबद्दल हा प्रश्न विचारलात तर आपल्याकडचा कुठलाही शेतकरी बोटांवर मोजून उत्तर देईल. फळवल्यावर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली तर उलटली, नाही आली तर गाभण धरायची, आणि दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरांकडून हात घालून तपासून घ्यायची. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात घोड्यांची पैदास हा मोठा धंदा आहे. तिथला डॉक्टर मात्र घोडीचं बीज सुटल्यापासून चौदाव्या दिवशीच सोनोग्राफीचं यंत्र घेऊन तबेल्यात उभा असतो. मग चौथ्या आठवड्यात पुन्हा येतो, सहाव्या आठवड्यात येतो, साठाव्या दिवसाच्या आसपास येतो. या तारखा डॉक्टरच्या सोयीच्या नाहीत. त्या पोटातल्या गर्भाने ठरवलेल्या आहेत. पहिल्या दोन महिन्यांत घोडीचा गर्भ ज्या उचापती करतो, त्या आपल्या गोठ्यातल्या दुसऱ्या कुठल्याच जनावराचा गर्भ करत नाही. या प्रकरणात त्या उचापती क्रमाने पाहू. पण आधी एका नाणेफेकीची गोष्ट.

१. हरायची इच्छा असलेले दोघे

१९६०च्या दशकात केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर बोल्ड रूलर नावाचा नामांकित घोडा होता. त्याचे मालक फिप्स कुटुंबीय. व्हर्जिनियातल्या ‘द मेडो’ या फार्मचे मालक चेनेरी कुटुंबीय. दोघांत एक करार होता. चेनेरींनी दरवर्षी आपल्या दोन घोड्या बोल्ड रूलरकडे पाठवायच्या आणि दोन वर्षांत होणारी शिंगरं नाणं उडवून वाटून घ्यायची. नाणेफेक जिंकणाऱ्याला पहिल्या वर्षीच्या जोडीतलं हवं ते शिंगरू आधी निवडता येणार, हरणाऱ्याला दुसऱ्या वर्षीच्या जोडीतलं.

१९६९च्या शरद ऋतूत ही नाणेफेक झाली तेव्हा गंमत अशी की, ऑग्डेन फिप्स आणि पेनी चेनेरी या दोघांनाही हरायचं होतं! कारण दुसऱ्या वर्षी पाठवलेल्या दोन घोड्यांपैकी सिकाडा ही घोडी गाभणच राहिली नव्हती. गाभण होती ती एकटी समथिंगरॉयल. म्हणजे जिंकणाऱ्याच्या पदरात एकच शिंगरू पडणार, हरणाऱ्याच्या पदरात दोन. नाणं फिप्सच्या बाजूने पडलं. हरलेल्या पेनी चेनेरींना समथिंगरॉयलच्या पोटातलं, अजून न जन्मलेलं शिंगरू मिळालं. ३० मार्च १९७० रोजी मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी ते जन्मलं. त्याचं नाव सेक्रेटेरिएट. १९७३ साली त्याने अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या आणि तिन्हींतले त्याचे विक्रम अजून कुणाला मोडता आलेले नाहीत.

एक घोडी राहिली, एक राहिली नाही, एवढ्यावर सगळा हिशोब फिरला. हे ‘राहणं’ म्हणजे नेमकं काय असतं?

२. आत-बाहेर उलटलेलं अंडाशय

घोडीचा गर्भकाळ साधारण ११ महिन्यांचा, सरासरी ३४० दिवसांचा. वसंतात गवत वर येत असताना शिंगरू जन्मावं असं वाटत असेल, तर घोडी आदल्या वसंतातच फळायला हवी. निसर्गाने ही सोय सूर्याच्या हातात दिली आहे. दिवस मोठा होऊ लागला की घोडीची अंडाशयं जागी होतात. हिवाळ्यात ती बहुतेक झोपलेली असतात.

माणसाने त्यात खोडा घातला. अमेरिकेत शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची नोंद ‘द जॉकी क्लब’ ठेवतो आणि त्याच्या नियमानुसार सगळ्या शिंगरांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो. ३० डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दोन दिवसांत कागदोपत्री एक वर्षाचं होतं आणि पुढे अकरा महिन्यांनी मोठ्या घोड्यांबरोबर पळायची पाळी त्याच्यावर येते. म्हणून प्रत्येकाला जानेवारी-फेब्रुवारीतलं शिंगरू हवं असतं. त्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून तबेल्यात रात्रीही दिवे लावतात आणि घोडीला रोज सोळा तासांचा ‘दिवस’ दाखवतात. साधारण दोन महिन्यांत अंडाशयं फसतात आणि कामाला लागतात. आपल्याकडे कोंबड्यांच्या शेडमध्ये अंड्यांसाठी दिवे लावतात, त्याच जातीची ही युक्ती.

घोडीचा माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीज सुटतं ते माजाच्या अगदी शेवटी. ज्या फोडातून ते सुटतं तो तोवर लिंबाएवढा, चार सेंटिमीटरच्या आसपास झालेला असतो. इथेच घोडीचं पहिलं वेगळेपण दिसतं. गाईच्या अंडाशयात बीजं पृष्ठभागाजवळ असतात आणि ती जवळजवळ कुठूनही बाहेर पडू शकतात. घोडीचं अंडाशय मोज्यासारखं आत-बाहेर उलटलेलं असतं. बीजं आतल्या गाभ्यात, आणि बाहेर पडायला एकच खळगा. गाईचं अंडाशय चहूबाजूंनी खिडक्या असलेलं घर असेल, तर घोडीचं म्हणजे एकाच दिंडी दरवाजाचा वाडा.

सुटलेलं बीज जेमतेम अर्धा दिवस टिकतं. नराचे शुक्रजंतू मात्र घोडीच्या अंगात दोन-तीन दिवस आरामात जगतात. त्यामुळे बीज सुटायच्या आधी घोडी फळवली तरच गणित जमतं.

गणितावरून आठवलं. वर्ष ३६५ दिवसांचं, त्यातून गर्भाचे ३४० गेले की उरतात २५. दरवर्षी त्याच तारखेला शिंगरू हवं असेल, तर व्यायल्यावर २५ दिवसांच्या आत घोडी पुन्हा गाभण राहिली पाहिजे. व्यायल्यानंतर सात ते दहा दिवसांत तिला पहिला माज येतो आणि त्यानंतरचा महिन्याच्या आसपास. म्हणजे संधी एकच. ती हुकली की शिंगराची तारीख दरवर्षी थोडी थोडी मागे सरकत जाते आणि काही वर्षांनी मालकाला एक हंगाम घोडी रिकामी ठेवून ती पुन्हा पुढे आणावी लागते.

३. टोलनाका

बीज आणि शुक्रजंतू यांची भेट बीजवाहिनीत होते. अंडाशयापासून गर्भाशयाकडे जाणारी ही बारीक नळी. बहुतेक प्राण्यांत फळलेलं आणि न फळलेलं, दोन्ही प्रकारचं बीज या नळीतून पुढे वाहत जातं. घोडीत न फळलेल्या बीजाला गर्भाशयात प्रवेश नाही. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी घोडीच्या बीजवाहिन्या उघडून पाहिल्या, तर आधीच्या माजांतली वाळलेली, जुनी बीजं तिथेच पडून असलेली दिसली. ताजं फळलेलं बीज मात्र त्यांना ओलांडून पुढे गेलेलं होतं.

नाक्यावरचा पहारेकरी ही निवड करतो कशी? याचं उत्तर अमेरिकेत १९९०च्या सुमारास मिळालं. पाचव्या दिवसाच्या सुमारास वाढता गर्भ प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन सोडू लागतो. त्याने नळीच्या तोंडाचे स्नायू सैल पडतात आणि वाट मोकळी होते. फास्टॅग लावलेल्या गाडीला दांडा वर होतो, बाकीच्या रांगेत उभ्या राहतात, तसंच हे. सहाव्या दिवशी गर्भ गर्भाशयात उतरतो.

ही तारीख पैशाचीही आहे. क्वार्टर हॉर्ससारख्या अमेरिकी जातींत एका घोडीचा गर्भ दुसरीच्या पोटात वाढवायला परवानगी आहे. (थरोब्रेडमध्ये नाही. तिथे जॉकी क्लबला प्रत्यक्ष नर-मादीचाच संबंध लागतो, कृत्रिम रेतनसुद्धा चालत नाही.) असा गर्भ काढायचा तर गर्भाशय द्रावणाने धुतात. सहाव्या दिवसाच्या आत धुतलं तर काहीच हाती लागत नाही, कारण गर्भ अजून नाक्यापलीकडे असतो. म्हणून सातव्या-आठव्या दिवशी धुतात. सातव्या दिवशी तो खसखशीच्या दाण्याच्याही निम्म्याएवढा असतो.

४. गस्त

आता या प्रकरणाचा गाभा.

गर्भाशयात उतरल्याबरोबर गर्भाभोवती एक पारदर्शक, चिवट वेष्टन तयार होतं. लवचीक तरी घट्ट, रबरी चेंडूच्या सालीसारखं. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत ते टिकतं. गाईत किंवा डुकरिणीत असं काही नसतं. तिथे गर्भ या वयात लांबट होत जाऊन दोऱ्यासारखा पसरतो. डुकरिणीचा तर जवळजवळ मीटरभर लांब होतो. घोडीचा गर्भ या वेष्टनामुळे गोल तो गोलच राहतो.

या गोल गर्भाकडे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ओ. जे. गिंथर सोनोग्राफीतून तासन्‌तास बघत बसले. घोडीचं गर्भाशय इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं: खाली एक खोली, वर डावीकडे आणि उजवीकडे दोन शिंगं. पाच-पाच मिनिटांनी गर्भाची जागा नोंदवताना गिंथरांच्या लक्षात आलं की, गर्भ एका जागी थांबतच नाही. आता डाव्या शिंगाच्या टोकाला, थोड्या वेळाने खोलीत, मग उजव्या शिंगात, पुन्हा खाली. १९८३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नवव्या दिवसापासून सोळाव्यापर्यंत ही फिरती चालते आणि अकराव्या ते चौदाव्या दिवसांत ती ऐन भरात असते. दिवसाला दहा-वीस फेऱ्या होतात. गर्भाला ना हात ना पाय. गर्भाशयाची भिंत आकुंचन पावत त्याला पुढे ढकलते, आणि भिंतीला तसं करायला लावतात ती गर्भानेच सोडलेली रसायनं.

जुन्या काळी गावाचा रामोशी रात्री हाळी देत गल्लीगल्लीतून फिरायचा, तो चोर पकडायला जितका, तितकाच ‘मी आहे’ हे सांगायला. घोडीचा गर्भ तेच करतो. पण सांगायचं कुणाला, आणि का?

बीज सुटल्यावर फुटलेल्या फोडाच्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. ती प्रोजेस्टेरॉन बनवते आणि प्रोजेस्टेरॉन आहे तोवरच गर्भ टिकतो. घोडी गाभण नसेल तर चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय आणखी एक प्रोस्टाग्लँडिन, एफ-टू-अल्फा, रक्तात सोडतं. ते पीतपिंडाला मारतं आणि घोडी पुन्हा माजावर येते. म्हणजे गर्भाला चौदाव्या दिवसाच्या आत गर्भाशयाचा हा हात थांबवायचा असतो.

गाईत हे प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाच्या शिंगातून त्याच बाजूच्या अंडाशयाकडे जवळच्या वाटेने जातं. त्यामुळे गर्भाने आपल्या बाजूच्या शिंगावर लक्ष ठेवलं की भागतं. घोडीत ते सगळ्या शरीरभर फिरून अंडाशयाकडे येतं. गर्भाशयाच्या कुठल्याही कोपऱ्यातून निघालं तरी पीतपिंडाला धोका. मग संपूर्ण गर्भाशयाला गप्प करणं आलं. गाईचा आणि डुकरिणीचा गर्भ लांब होऊन जागा व्यापतो. गोलच राहिलेल्या घोडीच्या गर्भाला एकच मार्ग उरतो. फिरायचं, प्रत्येक भिंतीला शिवायचं.

हे खरं आहे हे फ्लोरिडा विद्यापीठात एका प्रयोगातून दिसलं. १९८८ साली तिथल्या संशोधकांनी गर्भाशयाचा काही भाग दोऱ्याने बांधून गर्भाला एकाच शिंगात कोंडलं. गर्भ जिवंत होता, वाढत होता, पण बाकीच्या गर्भाशयाला त्याची खबर लागली नाही. प्रोस्टाग्लँडिन सुटलं, पीतपिंड मेला आणि गर्भधारणा संपली.

सोळाव्या दिवशी गस्त थांबते. तोवर गर्भ आवळ्याएवढा झालेला असतो आणि गर्भाशयाची भिंत ताठरू लागते. शिंगाच्या बुडाशी एक वळण असतं, तिथे तो अडकतो. घाटातल्या अवघड वळणावर लांब ट्रक अडकावा तसा. नुकत्याच व्यायलेल्या घोडीत तो सहसा आधीच्या शिंगराने न वापरलेल्या शिंगात अडकतो, कारण ते अधिक अरुंद असतं.

५. काचेची गोटी

गर्भ भिंतींना शिवत फिरतो खरा, पण तो त्यांना सांगतो काय? स्त्रीच्या गर्भाचा संदेश एचसीजी नावाच्या संप्रेरकाचा. लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या याच्याच. गाईच्या गर्भाचा संदेश इंटरफेरॉन टाऊ, डुकरिणीच्या गर्भाचा इस्ट्रोजेन. घोडीच्या गर्भाचा संदेश अजून कुणालाही ओळखता आलेला नाही. तो इस्ट्रोजेन बनवतो, प्रोस्टाग्लँडिन बनवतो, आणखी बरंच काही बनवतो. पण यातल्या कुठल्याही एकावर बोट ठेवता येत नाही.

काहींना शंका आली की संदेश रासायनिक नसून नुसत्या स्पर्शाचाच असेल तर? प्रदर्शनात किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या काही घोड्या माजावर आल्या की चिडचिड करतात, म्हणून मालकांना माज लांबवायचा असतो. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बीज सुटल्यावर गर्भाशयात पस्तीस मिलिमीटरची गुळगुळीत काचेची गोटी ठेवून पाहिली गेली. दहातल्या चारेक घोड्यांचा पीतपिंड गोटीला गर्भ समजून जवळजवळ तीन महिने टिकला! उरलेल्या सहा फसल्या नाहीत. म्हणजे स्पर्शाला किंमत आहे, पण स्पर्श हीच सगळी भाषा नाही. काही गोट्या आतच फुटल्याचं नंतर निघालं आणि आता जाणते डॉक्टर हा उपाय सुचवत नाहीत. माझ्या मते तो कधीच सुचवायला नको होता.

६. दोन पाहुणे, एक घर

आता चौदाव्या दिवसाच्या तपासणीकडे. डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवून सोनोग्राफीची कांडी गुदमार्गाने आत नेतो. काळ्या पडद्यावर शिंगांपासून खोलीपर्यंत सगळं गर्भाशय तपासतो. गर्भ कुठेही असू शकतो, त्यामुळे एका शिंगात बघून थांबून चालत नाही.

तो शोधत असतो दुसरा गर्भ. थरोब्रेड घोड्यांत एकाच माजात दोन बीजं सुटणं नेहमीचं. आणि जुळं हे घोडीवरचं संकट असतं. शेळीला जुळं झालं तर घरात आनंद, घोडीला झालं तर काळजी. कारण घोडीच्या गर्भाची वार गर्भाशयाच्या सगळ्या आतल्या भिंतीवर पसरते. एका गर्भालाच ती सगळी भिंत लागते. दोघांत वाटली तर दोघेही अर्धपोटी राहतात, आणि बहुधा सातव्या-आठव्या-नवव्या महिन्यात दोन्ही गळतात. जन्मलीच तर दुबळी. सोनोग्राफी यायच्या आधी घोड्यांच्या गर्भपाताचं जुळं हे एक मोठं कारण होतं. १९८० साली फ्रान्समध्ये घोडीची सोनोग्राफी पहिल्यांदा वापरली गेली, लवकरच ती अमेरिकेत आली आणि हे चित्र पालटलं.

एक छोटं उदाहरण घेऊ. अकराव्या दिवशी गर्भ साधारण सहा मिलिमीटरचा असतो आणि पुढे रोज सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटर वाढतो. म्हणजे चौदाव्या दिवशी सोळा मिलिमीटरच्या आसपास, मुलांच्या खेळण्यातल्या गोटीएवढा. दोन बीजं एका दिवसाच्या अंतराने सुटली असतील तर पडद्यावर एक गोल सोळाचा, दुसरा तेराचा दिसेल. दोन दिवसांचं अंतर असेल तर दुसरा नऊ-दहाचा, म्हणजे हरभऱ्याएवढा. तो हुकू शकतो. त्यामुळे शंका आली की डॉक्टर दोन दिवसांनी पुन्हा येतो. वयस्कर घोड्यांच्या गर्भाशयात पाण्याच्या गाठी असतात, त्याही पडद्यावर अशाच काळ्या गोल दिसतात. गर्भ कुठला आणि गाठ कुठली? गाठ जागची हलत नाही आणि दोन दिवसांत वाढत नाही. गर्भ हलतो आणि वाढतो.

दोन सापडले तर डॉक्टर त्यातला एक, सहसा लहान असलेला, कांडीने हलकेच ढकलत शिंगाच्या टोकाकडे नेतो आणि दाबून फोडतो. बोटांना एक बारीकसा ‘टप्’ जाणवतो म्हणतात. दुसरा दहातल्या नऊ वेळा टिकतो. सोळाव्या दिवसानंतर दोघे एकाच वळणावर अडकून शेजारी बसले की मग एकाला दाबताना दुसरा सांभाळणं कठीण. चौदावा दिवस निवडलेला आहे तो याचसाठी: गर्भ दिसण्याइतका मोठा, पण अजून फिरता.

चौथ्या आठवड्यातल्या तपासणीत पडद्यावर गर्भाचं हृदय लुकलुकताना दिसतं. ते चोविसाव्या-पंचविसाव्या दिवसापासून दिसू लागतं.

७. वाट्या

छत्तिसाव्या दिवशी जे घडतं ते मला सगळ्या प्रकरणात सर्वांत चमत्कारिक वाटतं.

पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या आवरणावर पेशींचा एक फिकट पट्टा तयार होतो, कमरेला करदोटा बांधावा तसा. छत्तीस-अडतिसाव्या दिवशी या पट्ट्यातल्या पेशी आवरण सोडून आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत घुसतात आणि तिथे मुक्काम ठोकतात. भिंतीवर फिकट, मधे खोलगट अशा वाट्यांचं कडं उठून दिसतं. यांना एंडोमेट्रियल कप म्हणतात. आपण त्यांना वाट्याच म्हणू.

या वाट्या एक संप्रेरक बनवतात. ते १९३० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या हॅरोल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांनी शोधलं. गाभण घोडीच्या रक्ताचा पाणीदार भाग त्यांनी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचला, तर माद्यांची अंडाशयं अवेळी पिकली. त्या संप्रेरकाला आज ईसीजी म्हणतात. ते चाळिसाव्या दिवसाच्या आसपास रक्तात दिसतं, दोन महिन्यांच्या सुमारास उच्चांक गाठतं आणि चार-पाच महिन्यांत नाहीसं होतं. त्याच्यामुळे घोडीच्या अंडाशयात जादा पीतपिंड तयार होतात आणि प्रोजेस्टेरॉनचा साठा वाढतो. पुढे वार स्वतः हे काम हाती घेईपर्यंतची ही शिदोरी.

वाट्या आईच्या आहेत, असंच बरीच वर्षं समजत. १९७२ साली इंग्लंडात केंब्रिजच्या ॲलन आणि मूर या संशोधकांनी दाखवलं की, त्या गर्भाच्याच पेशी आहेत, म्हणजे अर्ध्या बापाच्या. आईच्या शरीराच्या दृष्टीने परकं मांस आपल्या भिंतीत रुतून बसलं आहे. ती स्वस्थ बसत नाही. तिच्या पांढऱ्या पेशी पहिल्यापासून वाट्यांभोवती गोळा होतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डग्लस अँटझॅक यांच्या अभ्यासातून कळलं की, बापाकडून आलेल्या खुणांविरुद्ध घोडीच्या रक्तात प्रतिपिंडंही तयार होतात. वेढा हळूहळू आवळत जातो आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास वाट्या पडतात. गर्भाला मात्र काही इजा होत नाही. गढी पडते, पण गढीतला मुलगा केव्हाच सुखरूप बाहेर पोचलेला असतो.

बाप कोण यावर वाट्यांचं आयुष्य अवलंबून असतं, याचा पुरावा खेचरात मिळतो. खेचर म्हणजे घोडीला गाढवापासून झालेलं पिलू. अमेरिकेत खेचरांची हौस खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनला होती. १७८५ साली स्पेनच्या राजाने त्याला भेट म्हणून एक गाढव पाठवलं आणि वॉशिंग्टनने त्याचं नाव ‘रॉयल गिफ्ट’ ठेवलं. अशा खेचराचा गर्भ पोटात असेल तेव्हा घोडीतल्या वाट्या लहान राहतात, लवकर पडतात आणि ईसीजी फारच कमी बनतं. तरीही बहुतेक खेचरं नीट जन्मतात. १९८४ साली केंटकीतल्या लुईव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात तर एका घोडीने तिच्यात ठेवलेल्या गर्भातून चक्क झेब्रा जन्माला घातला.

वाट्यांमुळे मालकाच्या खिशालाही धक्का बसतो. समजा पंचेचाळिसाव्या दिवशी गर्भ मेला. वाट्यांना त्याचा पत्ता नसतो. त्या आईच्या भिंतीत रुतलेल्या आहेत, आपलं काम करत राहतात. घोडी महिनोन्‌महिने नीट माजावर येत नाही आणि त्या हंगामात पुन्हा फळत नाही. रक्त तपासलं तर ईसीजी भरपूर, म्हणजे कागदावर घोडी गाभण! पोट मात्र रिकामं. म्हणून पस्तिसाव्या दिवसाच्या आत एक तपासणी होतेच. काही बिघडलं असेल तर वाट्या रुतण्याआधी कळलं पाहिजे, मग घोडी त्याच हंगामात पुन्हा फळवता येते.

८. एका जन्माचं पंचांग

हे सगळं समथिंगरॉयलला लावून पाहू. सेक्रेटेरिएटचा जन्म ३० मार्च १९७०चा. गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा धरला, तर बीज फळलं असेल २४ एप्रिल १९६९च्या आसपास. सहा दिवसांनी, ३० एप्रिलला, टोलनाका ओलांडला. ३ मेपासून गस्त सुरू, १० मेला मुक्काम. ३० मेच्या सुमारास वाट्या रुतायला लागल्या. २३ जूनला साठ दिवस पूर्ण, ईसीजी ऐन भरात. २२ ऑगस्टपर्यंत वाट्या पडल्या. शरद ऋतूत नाणं हवेत उडालं तेव्हा वारेने कारभार हाती घेतलेला होता.

त्या वर्षी सोनोग्राफी नव्हती. डॉक्टरला महिनाभर थांबून हाताने गर्भाशयावरचा फुगवटा चाचपावा लागे. सिकाडा रिकामी असल्याचं कळायला तेवढा वेळ गेलाच.

९. चेरीच्या झाडावरचे सुरवंट

२००१च्या एप्रिलअखेरीस केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या भोवतालच्या फार्मांवर साठाव्या दिवसाच्या तपासण्या चालू होत्या. साठ ते सत्तर दिवसांच्या गर्भात सोनोग्राफीवर नर की मादी हे ओळखता येतं, आणि घोडी विकायची तर ही माहिती कामी येते. फेब्रुवारीत फळलेल्या घोड्यांची पाळी होती. डॉक्टरांना पडद्यावर भलतंच दिसू लागलं. गर्भाभोवतीचं पाणी काळं-स्वच्छ दिसायचं ते धुरकट, आणि आत हृदयाची लुकलुक नाही. एका फार्मवर, मग शेजारच्या फार्मवर, मग सगळीकडे. त्याच आठवड्यांत भरत आलेल्या घोड्याही मेलेली शिंगरं टाकू लागल्या.

केंटकीत हाहाकार उडाला. बुरशी असेल, गवतातलं विष असेल, रानचेरीच्या पानांतलं सायनाइड असेल, असे अनेक तर्क झाले. रानचेरीवर त्या वसंतात सुरवंटांचं अमाप पीक आलं होतं. फांद्यांच्या बेचक्यात तंबूसारखी जाळी विणणारे हे केसाळ सुरवंट झाडं खाऊन उतरले आणि गवतावर, कुंपणावर, पाण्याच्या हौदांवर पसरले. घोड्या चरता चरता ते गिळत होत्या. पुढच्या वर्षी केंटकी विद्यापीठात गाभण घोड्यांना मुद्दाम सुरवंट खाऊ घातले, तेव्हा त्यांचे गर्भ गळले. सायनाइड निर्दोष सुटलं. दोष सुरवंटाच्या केसाळ कातडीचा निघाला. सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण असं: त्याचे काटेरी केस आतड्याच्या भिंतीत रुततात, त्या भोकांतून आतड्यातले साधे जिवाणू रक्तात शिरतात. घोडीला त्यांचा त्रास होत नाही, तिची प्रतिकारशक्ती त्यांना आवरते. गर्भाकडे तशी ताकद नसते. आणि गर्भाभोवतीचं कोमट पाणी जिवाणूंना वाढायला उत्तम.

केंटकी विद्यापीठाच्या अंदाजानुसार त्या साथीत थरोब्रेड शिंगरांच्या एका वर्षाच्या पिकातली सुमारे ३० टक्के शिंगरं गेली आणि राज्याचं नुकसान ३३ कोटी डॉलरांहून अधिक झालं. टोलनाका ओलांडलेले, गस्त घालून आईला पटवलेले, वाट्या रोवून बसलेले गर्भ होते ते. लस नाही, औषध नाही. उपाय एवढाच की सुरवंट घोडीच्या तोंडात जाऊ द्यायचे नाहीत. बऱ्याच फार्मांनी कुंपणालगतची चेरीची झाडं तोडून टाकली. जिथे ती अजून उभी आहेत, तिथे एप्रिल-मेमध्ये गाभण घोड्या त्या बाजूच्या कुरणात सोडत नाहीत.